जुलाबात मीठ आणि साखर एकत्रच का? : पेशीपटलावरचे वाहक

मागच्या भागात आपण पेशीपटल पाहिलं. चरबीच्या रेणूंचा दुहेरी थर. त्यातून ऑक्सिजन सहज जातो, पण ग्लुकोज किंवा सोडियम जात नाही. त्यांना आत न्यायचं तर प्रथिनांची मदत लागते. ही प्रथिनं दोन प्रकारची, आणि इथे बऱ्याच विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो.

गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या जंगलालगत चोरखमाऱ्याचा तलाव आहे. तलावाचं गेट उघडलं की पाणी आपोआप धानाच्या बांध्यांकडे धावतं. पेशीपटलावरच्या वाहिन्या, म्हणजे चॅनेल, तशाच. वाहक प्रथिन मात्र तलावातल्या डोंग्यासारखं : बसायला ठरावीक जागा, एका खेपेला ठरावीक माणसं. म्हणूनच चॅनेलमधून सेकंदाला लाखो आयन जातात, वाहकातून फार तर काही हजार रेणू. सगळे डोंगे भरले की काठावर कितीही गर्दी करा, वेग वाढत नाही. पण उपमा इथवरच घ्या हं! डोंगा या काठावरून त्या काठावर जातो, वाहक प्रथिन जागचं हलत नाही. ते पटलात रुतलेलं असतं, फक्त आकार बदलतं. आधी बाहेरच्या बाजूने उघडं, मग आतल्या.

आता लहान आतड्यात या. तिथल्या पेशींवर एसजीएलटी-१ नावाचा वाहक आहे. तो एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आत नेतो. दोघं मिळून आले तरच खेप नीट होते. या कामाला ऊर्जा कुठून येते? पेशीच्या दुसऱ्या बाजूला एक पंप सतत तीन सोडियम बाहेर फेकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपी खर्च करतो. त्यामुळे पेशीत सोडियम कमी राहतं, बाहेरचं सोडियम आत यायला बघतं आणि येताना ग्लुकोजला सोबत आणतं. ही जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग इथे मांडली. सोडियम आणि ग्लुकोज आत गेले की पाणी त्यांच्या मागोमाग जातं.

आता खरी गंमत बघा. कॉलऱ्याचं विष आतड्यातल्या क्लोराइडच्या वाहिन्या उघड्या ठेवतं, म्हणून पाणी बाहेर वाहत राहतं. पण एसजीएलटी-१ ला ते हात लावत नाही! गळती चालू असतानाही आत नेणारी वाट शाबूत असते. नुसतं पाणी किंवा नुसतं मीठपाणी पाजून या वाटेचा फायदा मिळत नाही, कारण जोडीदार नसतो.

१९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी तोंडाने द्यायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. एरवी ते २५-३० टक्के असायचं. आमच्या मते जीवशास्त्राच्या वर्गात हा प्रसंग क्रेब्स चक्राआधी सांगायला हवा.

धानाच्या मुलखात साहजिक प्रश्न येतो : भाताची पेज चालेल का? मीठ घातलेली पातळ पेज उपयोगी आहे. तांदळाचा स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांब साखळी. आतड्यात ती हळूहळू तुटते आणि वाहकाला ग्लुकोज मिळत राहतं. पण पेजेत पोटॅशियम जेमतेम असतं, म्हणून ओआरएसचं पाकीट मिळत असेल तर तेच आधी द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पेज नको. आईचं दूध चालू ठेवायचं आणि ओआरएस डॉक्टरांच्या किंवा आशाताईंच्या सांगण्याने.

पाकीट कसं कालवायचं, हेही वाहकाच्याच हिशोबाने ठरलं आहे. सध्याच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. एक लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवलं तर द्रावण घट्ट होतं, वाहकांना ते पुरं उचलता येत नाही आणि आतड्यात उरलेली साखर उलट शरीरातलं पाणी ओढून घेते. जुलाब वाढतात. बाटलीतल्या गोड शीतपेयाचंही हेच. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजायचं. डोळे खोल गेले, मूल पीतच नाही किंवा सुस्त पडलं, तर मात्र घरी वाट न बघता दवाखाना गाठायचा.