गिटारीची दांडी

सतार असो वा गिटार, वाद्य पाहणाऱ्याची नजर प्रथम त्याच्या पोटाकडे जाते. सतारीचा भोपळा आणि गिटारीची चकचकीत रंगविलेली काया यांचे सर्वांना कौतुक. वाजविणाऱ्याचा डावा हात आयुष्यभर जिच्यावर वावरतो, त्या दांडीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. इंग्रजीत या भागाला वाद्याची मान म्हणतात. मिरजेच्या सतारकारांच्या तोंडी दांडी हा शब्द रुळलेला आहे आणि आपल्याला तोच जवळचा. विजेवर चालणाऱ्या गिटारीची अशी दांडी हाताने कोरून काढणे हे वरवर पाहता सुताराचे नित्याचे काम वाटते. प्रत्यक्षात त्यात लाकडाची पारख, थोडेसे गणित आणि पुष्कळसा धीर या तिन्हींची परीक्षा होते.

विजेच्या गिटारीत आवाज मोठा करण्याचे काम लाकडी पेटी करीत नाही. तारांखाली चुंबके आणि त्यांभोवती तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी बसविलेली असतात. पोलादी तार हलली की वेटोळ्यात विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो आणि पुढे यंत्र त्याचा मोठा आवाज करते. मग लाकडाची एवढी चिंता कशाला, असे कोणी विचारील. चिंता दांडीसाठी. तार जिच्या आधाराने ताणली जाते ती वस्तूच डळमळीत असेल, तर सूर टिकत नाही. आणि जिच्यावर हात फिरावयाचा ती वस्तू हाताला परकी वाटली, तर बोटे चालत नाहीत.

हाताने केलेल्या अशा एका दांडीची हकिकत जगभर प्रसिद्ध आहे. लंडनच्या पश्चिमेस फेल्टम नावाच्या उपनगरात हॅरल्ड मे नावाचे गृहस्थ राहत. विमानविषयक सरकारी खात्यात ते आरेखक होते. त्यांचा एकुलता एक मुलगा ब्रायन १९४७ साली जन्मला. सातव्या वाढदिवशी त्याला साधी गिटार मिळाली. पुढे त्याला विजेच्या गिटारीचे वेड लागले. परंतु दुकानात टांगलेली अमेरिकन गिटार घेणे त्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा बापलेकांनी ती घरीच करावयाचे ठरविले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये कामास प्रारंभ झाला आणि ते पुरे व्हावयास सुमारे दोन वर्षे लागली. सारा खर्च सुमारे ८ पौंड आला. जुन्या मोटारसायकलीच्या दोन स्प्रिंगा, सुरीचे पोलादी पाते, आईच्या विणकामाच्या सुईचे टोक, मोडक्या टेबलाचे ओक लाकूड, अशा वस्तूंतून ते वाद्य उभे राहिले.

दांडीसाठी लागणारे लाकूड मिळाले ते शेकोटीचे. थंड देशांत घराच्या भिंतीत शेकोटी असते आणि तिच्याभोवती लाकडाची नक्षीदार चौकट बसवितात. परिचयातील कोणी अशी एक चौकट टाकून देणार होते. ती महोगनीची होती आणि तिचे वय शंभर वर्षांहून अधिक होते. लाकडाच्या व्यवहारात वयाला मोल असते. ओले लाकूड कापल्यानंतरही दीर्घकाळ पाणी सोडीत राहते. सुकताना ते आखडते, वाकते, प्रसंगी पीळ घेते. शतकभर शेकोटीजवळ राहिलेल्या लाकडाला नव्याने आखडण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. या दृष्टीने तो तुकडा उत्तम होता. पण असे लाकूड कठीण आणि हट्टी होऊन बसते. पटाशीला सहज वश होत नाही. शिवाय ते किडीने पोखरलेले होते. ती भोके मे यांनी आगपेटीच्या काड्या घालून बुजविली. कारखानदाराने असला तुकडा पाहताच बाजूला फेकला असता. ज्याला दुसरा तुकडा आणणे शक्य नाही, तोच काड्या घालीत बसतो.

दांडीवर भार किती येतो, हे ध्यानात घेतल्याखेरीज हे साहस समजावयाचे नाही. सहा तारा सुरात चढविल्या म्हणजे त्यांची एकत्रित ओढ सुमारे ४० किलो वजनाइतकी होते. ही ओढ रात्रंदिवस चालू असते आणि ती दांडीला धनुष्याप्रमाणे वाकवू पाहते. यावर उपाय म्हणून दांडीच्या पोटात पोलादी सळई घालतात. गिब्सन कंपनीला अशा सळईच्या एका योजनेचे पेटंट १९२३ साली मिळाले. मे पितापुत्रांनीही सळई घातली आणि तिचे टोक वाकवून, दांडी ज्या बोल्टने वाद्याच्या अंगाला जखडली आहे, त्या बोल्टभोवती अडकविले.

तरीही मुख्य भार लाकडावरच असतो आणि येथे पदार्थविज्ञानाचा एक कठोर नियम आडवा येतो. लाकडी पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. २५ मिलिमीटर जाडीची दांडी कोरीत कोरीत २० मिलिमीटरवर आणली, तर जाडी पाचव्या हिश्श्यानेच कमी होते. ताठपणा मात्र जवळजवळ निम्म्यावर येतो. हाताला हलकी व बारीक दांडी आवडते, तर तारांना जाड दांडी हवी असते. कोरणाऱ्याला या दोन मागण्यांच्या मध्ये कोठे तरी थांबावयाचे असते, आणि थांबण्याची जागा एकदा ओलांडली की परतीची वाट नाही. कुंभाराला माती पुन्हा चाकावर घेता येते, सोनाराला सोने पुन्हा आटविता येते. काढलेला लाकडाचा कीस परत चिकटत नाही.

म्हणून जाणता कारागीर एकदम गोलाई काढावयास जात नाही. प्रथम चौकोनी तुकडाच ठेवून तो त्याचा वरचा पृष्ठभाग रंध्याने सपाट करतो. त्यानंतर बाजू कापतो. दांडी डोक्याकडे अरुंद आणि अंगाकडे रुंद असते. यानंतर पाठीची पाळी. डोक्याजवळ एका ठिकाणी आणि मध्याजवळ दुसऱ्या ठिकाणी तो अखेरची जाडी व गोलाई आधीच कोरून ठेवतो. या दोन जागा पुढील कामाच्या खुणा होत. मधले लाकूड त्यांच्या बेताने उतरवावयाचे. तेही गोल करीत नाहीत. आधी दोन्ही कडा तिरप्या, एकसारख्या सपाट कापतात. मग त्या सपाट भागांच्या नव्या कडा पुन्हा कापतात. पैलू वाढत जातात, प्रत्येक पैलू अरुंद होत जातो आणि शेवटी कानशीला पुसून टाकण्यासाठी बारीक धारा तेवढ्या उरतात. पैलू पाडून जाण्याचा लाभ असा, की डावी बाजू उजवीहून जड झाली तर दोन पैलूंची रुंदी सारखी दिसत नाही आणि चूक वेळीच ध्यानात येते. गोल पृष्ठभागावर तीच चूक नजरेला फसविते.

अवघड जागा दोन आहेत. दांडी जेथे डोक्याला मिळते ती एक आणि जेथे अंगाला मिळते ती दुसरी. या ठिकाणी पृष्ठभागाला चढ असतो आणि लाकडाच्या रेषा तिरप्या कापल्या जातात. हत्यार चढाच्या दिशेने चालविले, तर ते रेषांच्या आत घुसते आणि लाकडाची चीप उपटून काढते. म्हणून दोन्ही टोकांकडून मधल्या सखल भागाकडे, उताराच्या दिशेनेच कोरावयाचे असते. गाठ आली, तर पटाशी खाली ठेवून कानस किंवा खरवडण्याचे पाते घ्यावे. किडीचे भोक आले की काय करावे याचा नियम कोणत्याही पुस्तकात नसतो.

अखेरचा मिलिमीटरभर थर मात्र घाईने काढू नये. लाकडाच्या अंगात ताण दडलेले असतात. एका बाजूचा भाग निघून गेला की उरलेला भाग थोडा हलतो. म्हणून कारागीर दांडी काही दिवस तशीच ठेवतो आणि ती स्थिरावली की सरळ पट्टी लावून पुन्हा पाहतो. अखेरचे माप मोजपट्टीने घेत नाहीत. डोळे मिटून तळवा वरखाली फिरविला म्हणजे जो उंचवटा दिव्याच्या उजेडातही दिसत नाही, तो हाताला लागतो.

कोरणे संपले तरी दांडी वाजण्याजोगी होत नाही. तिच्यावर पडदे बसवावे लागतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे ते सरकविता येतात. गिटारीचे पडदे लाकडात करवतीने खाच पाडून ठोकलेले असतात. ते सरकत नाहीत. सप्तकाचे बारा समान भाग करावयाचे, तर प्रत्येक पडद्याचे स्थान ठरविण्यासाठी उरलेल्या लांबीला १७.८१७ या संख्येने भागावयाचे. मे यांच्या गिटारीत तारेची लांबी २४ इंच आहे. त्या हिशेबाने पहिला पडदा सुमारे ३४ मिलिमीटरवर येतो, बारावा बरोबर मध्यावर, म्हणजे १२ इंचांवर. आणि तेविसाव्या व चोविसाव्या पडद्यांत जेमतेम ९ मिलिमीटर अंतर उरते. इतक्या वरच्या जागी करवतीच्या पात्याची जाडीसुद्धा हिशेबात धरावी लागते. पडद्यांची पट्टी त्यांनी ओक लाकडाची केली आणि तिला काळा लेप दिला. स्थानदर्शक ठिपके आले ते शिंपल्याच्या गुंड्यांतून, हाताने घासून.

एवढे झाल्यावर कोणाला वाटेल, दांडी अगदी सरळ असली पाहिजे. तसे नाही. छेडलेली तार दोन टोकांशी स्थिर आणि मध्ये अधिक हलते. तिला जागा मिळावी म्हणून दांडी मध्याजवळ किंचित, साधारण पाव मिलिमीटर, खोल ठेवतात. ती तेवढी वाकली तर दोष नाही. दुप्पट वाकली तर तारा उंच होऊन बोटे दुखतात, आणि उलट वाकली तर तारा पडद्यांवर खरखरतात.

मे यांची दांडी तयार झाली ती चांगलीच जाड व रुंद. बाजारातील बहुतेक गिटारी तिच्यापुढे सडपातळ दिसतात. जाडीचा घननियम पाहिला म्हणजे जुन्या, पोखरलेल्या लाकडाला ती जाडी किती उपकारक ठरली असेल हे समजते. आणि तिच्यावर वाढलेल्या हाताला तीच दांडी स्वाभाविक वाटू लागली.

ब्रायन पुढे लंडनच्या इंपिरियल कॉलेजात पदार्थविज्ञान शिकला आणि सूर्यमालेतील धुळीवर संशोधन करू लागला. १९७० साली क्वीन नावाचा वाद्यवृंद उभा राहिला आणि संशोधन मागे पडले. ज्या वडिलांनी स्वतः शेजारी उभे राहून गिटार घडविली, त्यांनाच मुलाने विद्या सोडून तिच्यामागे जावे हे रुचले नाही. अर्धवट राहिलेला प्रबंध ब्रायन मे यांनी २००७ साली पुरा केला. त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बुलसारा, हा पारशी मुलगा आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. आणि १९६४ मध्ये त्याचे कुटुंब झांझिबारहून येऊन राहिले तेही फेल्टममध्येच. २००२ च्या जूनमध्ये ब्रायन मे यांनी बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून वाजविली ती हीच शेकोटीच्या लाकडाची गिटार.

१९९८ साली ग्रेग फ्रायर या ऑस्ट्रेलियन कारागिराने तिची डागडुजी केली. तिच्या तंतोतंत प्रतीही त्याने घडविल्या. नंतर ब्रायन मे यांच्या नावाने कारखान्यात बनलेल्या गिटारी सर्वत्र विकल्या जाऊ लागल्या. त्यांचा लाल रंग तोच, आकार तोच, तारेची लांबीही तीच २४ इंच. दांडी मात्र कारखान्याने बारीक केली.