हाताची नाडी आणि भूलतज्ज्ञ



नाडी पाहिल्यावाचून वैद्यकी नाही, ही आपली जुनी समजूत. परंतु एखादी तरुण स्त्री घरची सारी कामे करीत असते आणि तिच्या मनगटावर नाडी मात्र लागत नाही, असाही एक रोग आहे. ताकायासू या जपानी नेत्रवैद्याने 1908 साली या रोगातील डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांचे वर्णन केले. त्याचेच नाव रोगाला मिळाले. मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींना दाह होतो, त्या जाड होतात आणि आतील वाट अरुंद होते. कधी महारोहिणीचे मूळ रुंदावून हृदयाची झडप गळू लागते, कधी हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांची मुखे बुजतात. मग शस्त्रक्रियेचा प्रश्न येतो.

येथे भूलतज्ज्ञाची कसोटी लागते. भूल देणे म्हणजे नुसते झोपविणे नव्हे; त्या वेळी रक्तदाब राखणे हेही त्याचेच काम. समजा, दंडावर दाब 80 दिसला. महारोहिणीत तो 180 असू शकतो! हातावर विश्वासून औषधाने दाब चढविला, तर मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय. उलट मानेच्या रोहिण्या अरुंद असतील, तर दाब थोडा उतरला तरी मेंदू उपाशी राहतो.

मग पायाचा दाब खरा मानावा काय? तसेही नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन, किनरे, परुळकर प्रभृतींनी 1963 साली महारोहिणीच्या मध्यभागीच अरुंदपणा येण्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. आपल्या देशात हा प्रकार पुष्कळ आढळतो. त्यात पाय फसवितो आणि हात खरे सांगतो. म्हणून चारही अंगांचा दाब मोजून, रक्तवाहिन्यांचे चित्र पाहून, जिथे वाट मोकळी तेथील रोहिणीत बारीक नळी घालतात. वाट कोठेच मोकळी नसेल, तर छाती उघडल्यावर शल्यवैद्य महारोहिणीतच सुई घालून दाब पाहतो.

आणखी दोन पथ्ये आहेत. घाई नसेल तर दाह शमेपर्यंत थांबावे. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्यास त्या एकाएकी बंद करू नयेत. शस्त्रक्रियेच्या वेळी शरीराला त्या औषधाचा जादा आधार लागू शकतो.

नांदेड-लातूरकडील रोग्याला अशा शस्त्रक्रियेसाठी पुष्कळदा पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागते. पण पहिली तपासणी येथेच होते. चारही अंगांचा दाब मोजायला चार-दोन मिनिटे पुरतात. ते आकडे आणि चालू गोळ्यांची नावे लिहिलेला कागद रोग्याबरोबर जाऊ द्या. दूरच्या शहरात भूल देणाऱ्याला, या रोग्याचे कोणते अंग खरे बोलते, हे त्यावरूनच प्रथम कळेल.