नव्या प्लेअरमधली हिरवी नवरी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून रंगांविषयी बोलायचं म्हणजे जरा अवघडच. ऐकणाऱ्याला काही दाखवता येत नाही. पण हळदीचा रंग कसा, कुंकवाचा कसा, श्रावणातल्या धानाच्या बांधीचा कसा, हे तुम्हाला सांगावं लागत नाही. आजच्या विषयाला तेवढं भांडवल पुरेसं आहे.

गोष्ट २००८ सालची. मी तेव्हा साकोलीला विज्ञान शिकवत होतो. दिवाळीच्या आधी जवळच्या खेड्यातले ओळखीचे एक शेतकरी घरी आले. चेहरा पडलेला. म्हणाले, ''गुरुजी, नवा डीव्हीडी आणला जी. पोरीच्या लग्नाची सीडी लावली, तं पोरगी हिरवी दिसून राहिली.''

मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. तिला पडद्यावर तरी पाहावं म्हणून आईच्या आग्रहाखातर हा प्लेअर घेतलेला. दोन मेकॅनिक येऊन गेले होते. पहिल्याने प्लेअरचं बोर्ड गेलं म्हणून सांगितलं. दुसऱ्याने टीव्हीची पिक्चर ट्यूब थकली म्हणून सांगितलं. दुकानदाराने बोट टीव्हीकडे दाखवलं. मळणी झाली की चार पोती जास्तीची विकून नवा टीव्ही घ्यायचा, असं या गृहस्थांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. मी म्हटलं, थांबा, आधी पाहू तर द्या.

गेलो, आणि पहिली चूक मीच केली. टीव्हीचा रिमोट हातात घेऊन रंग कमी कर, कॉन्ट्रास्ट वाढव, असा तासभर खुडबूड करत बसलो. चेहऱ्याचा हिरवटपणा थोडा उतरला, पण त्याबरोबर सगळं चित्रच फिकं झालं. तेवढ्यात मुलीची आई म्हणाली, ''गुरुजी, मंडपाचं निळं कापड तं बरोबर दिसते. कुंकूच शेवाळासारखं दिसून राहिलं. अन् या उजव्या डब्ब्यातून घरघर कायची येते?''

इतकी वर्षं भौतिकशास्त्र शिकवून मला जे सुचलं नाही, ते त्या माउलीने दोन वाक्यांत सांगितलं होतं. निळा शाबूत, तांबडा गायब, आणि उजव्या स्पीकरमधून घरघर. मी टीव्हीच्या मागे वाकलो.

तिथे काय होतं ते सांगण्याआधी थोडं मागे जावं लागेल. आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं १९८२ साली. त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनाचा सोहळा आणि नोव्हेंबरातले दिल्लीचे आशियाई खेळ अनेकांनी रंगीत पाहिले. पण त्याहून कितीतरी जास्त लोकांनी तेच खेळ आपल्या जुन्या कृष्णधवल संचावर पाहिले, आणि त्यांचं काही बिघडलं नाही. कसं काय? रंगीत चित्र पाठवताना तांबडा, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळे पाठवतच नाहीत. आधी पाठवतात ते संपूर्ण कृष्णधवल चित्र, म्हणजे कुठे किती उजेड आहे एवढंच. त्याच्या सोबत दोन पुरवण्या जातात. एक पुरवणी सांगते की उजेडाच्या मानाने तांबडा किती कमी-जास्त. दुसरी निळ्याबद्दल तेच सांगते. हिरव्याची वेगळी पुरवणी लागत नाही, कारण एकूण उजेडातून तांबडा आणि निळा वजा केला की उरतो तो हिरवाच. जुना संच पुरवण्यांकडे लक्षच देत नसे. शेजारचा रंगीत संच त्या वाचून रंग भरत असे.

(या हिशेबात तिन्ही रंगांचं वजन सारखं नाही. आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ वाटतो, म्हणून उजेडाच्या शंभर भागांत हिरव्याचे ५९, तांबड्याचे ३० आणि निळ्याचे फक्त ११ धरले जातात.)

आता डीव्हीडी प्लेअरच्या मागच्या बाजूला वळू. तिथे हिरवी, निळी आणि तांबडी अशी तीन सॉकेटं असतात. यालाच कम्पोनन्ट जोडणी म्हणतात. लोकांना वाटतं, हिरव्या वायरीतून हिरवा रंग जातो. तसं नाही. हिरव्या वायरीतून अख्खं कृष्णधवल चित्र जातं. निळी आणि तांबडी या दोन पुरवण्या. एवढं ध्यानात ठेवलं की बिघडलेलं चित्र स्वतःच आपली तक्रार सांगू लागतं.

हिरवी वायर निघाली तर चित्रच उभं राहत नाही. ती एकटीच लागलेली असेल तर सिनेमा कृष्णधवल दिसतो. तांबडी वायर सुटली तर कुंकू शेवाळी, चेहरे पिवळट हिरवे, निळा मात्र जवळपास जसाच्या तसा. निळी सुटली तर हळद फिकी गुलाबी पडते आणि आकाशाचा निळेपणा जाऊन ते हिरवट करडं होतं. सगळ्यात गंमत होते ती निळी आणि तांबडी यांची अदलाबदल झाल्यावर. माणसं निळी पडतात, कुंकू निळं होतं, आकाशाला तांबूस रंग चढतो, आणि धानाची बांधी मात्र होती तशीच हिरवीगार! कारण हिरव्यात तांबडाही कमी आणि निळाही कमी. दोन्ही पुरवण्या साधारण एकच गोष्ट सांगत असतात, त्या बदलल्या काय नि न बदलल्या काय. म्हणून झाडं बरोबर दिसतात एवढ्यावरून वायरी बरोबर आहेत असं समजू नका. चेहरा पाहा, कुंकू पाहा. आपल्या भंडाऱ्यात पितळेचा गुंड तर घरोघरी सापडेल. तो पडद्यावर पितळेचा दिसतो का, तेही पाहा.

आता त्या घरातल्या टीव्हीच्या मागे. चित्राच्या तीन वायरींच्या शेजारी आवाजाच्या दोन असतात, एक पांढरी आणि एक तांबडी. म्हणजे पाच वायरींत तांबड्या दोन! एक चित्राची, एक उजव्या स्पीकरची. पिना अगदी सारख्या, एकमेकींच्या जागी सहज बसतात. ज्या कोणी प्लेअर लावून दिला त्याने या दोन तांबड्यांची अदलाबदल केली होती. चित्राला तांबड्याऐवजी सनईचा आवाज मिळत होता, आणि स्पीकरला सनईऐवजी तांबडा रंग. त्याचीच ती घरघर. दोन पिना बदलल्या आणि नवरीच्या कपाळावर कुंकू उमटलं. खर्च शून्य.

ही चूक सहज होते. तिच्या खालोखाल नंबर लागतो रिमोटवरच्या एका बटणाचा. प्लेअरच्या रिमोटवर व्ही-मोड किंवा पी-स्कॅन असं बटण असतं. पोरांच्या हातून ते दाबलं जातं आणि प्लेअर चित्र पाठवायची पद्धतच बदलतो. मग चित्र फाटतं, कृष्णधवल होतं, नाहीतर हिरवं-गुलाबी दिसतं. जुन्या टीव्हीवर तर पडदा काळाच. लोक प्लेअर बंद करून पुन्हा लावतात, पण पुष्कळ प्लेअर शेवटचं सेटिंग लक्षात ठेवतात, त्यामुळे उपयोग होत नाही. डिस्क बाहेर काढा, तेच बटण थांबून थांबून दाबत जा, चित्र जागेवर आलं की थांबा. मेनूत आरजीबी आणि वायपीबीपीआर असे दोन पर्याय असतील तर तीन वायरींच्या जोडणीसाठी दुसरा निवडा. प्लेअर आरजीबी पाठवतो आणि टीव्ही पुरवण्यांची वाट पाहतो, तेव्हा सगळ्या चित्रावर गुलाबी-जांभळी झाक येते. उलटं झालं तर सगळं हिरवं. अलीकडच्या एचडीएमआय केबलमध्ये वायरींची अदलाबदल होणं शक्य नाही, पण हा भाषेचा गोंधळ तिथेही होतो. तिथेही उपाय मेनूतच आहे.

नव्या एलईडी टीव्हीवर बऱ्याचदा हिरवं आणि पिवळं सॉकेट एकच असतं. साध्या तीन वायरींतली पिवळी वायर तिथे बसते, पण टीव्हीत निवड कम्पोनन्टची असेल तर चित्र कृष्णधवल येतं. एव्ही निवडा, रंग येतील.

परदेशातून आलेल्या डिस्कची तऱ्हा निराळी. अमेरिकेतल्या भाच्याने बारशाची डिस्क पाठवली आणि ती इथे कृष्णधवल दिसली, असं त्या काळी पुष्कळांच्या बाबतीत झालं. आपली पद्धत पाल, एका चित्रात ६२५ रेषा. त्यांची एनटीएससी, ५२५ रेषा. रंगाच्या पुरवण्या ज्या लहरीवर बसवतात तीही दोन्हीकडे वेगळी. टीव्हीला ओळखीची लहर सापडली नाही की तो चुकीचा रंग दाखवण्यापेक्षा रंगच बंद करतो. प्लेअरच्या मेनूत टीव्ही टाइप किंवा टीव्ही सिस्टिम असतं, तिथे पाल करून पाहा. जर्मनीच्या वाल्टर ब्रूख यांनी १९६३च्या सुमारास पाल पद्धत पुढे आणली ती एनटीएससीत रंग वाटेत घसरतात म्हणूनच. टिंट नावाची खुंटी त्या घसरलेल्या रंगांसाठी असते. आपल्या पाल चित्रावर ती बहुधा चालतच नाही, तेव्हा ती फिरवत बसू नका.

ज्यांच्याकडे अजून काचेच्या ट्यूबचा टीव्ही आहे त्यांच्यासाठी एक सूचना. प्लेअरबरोबर मोठे स्पीकरही आणले आणि पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा किंवा हिरवा डाग दिसू लागला, तर दोष प्लेअरचा नाही, स्पीकरमधल्या चुंबकाचा आहे. स्पीकर हात-दोन हात दूर सरकवा. टीव्ही रिमोटने नव्हे, मुख्य बटणाने बंद करा, अर्धा तास थंड होऊ द्या, मग लावा. सुरू होताना जो 'धम्म' असा आवाज येतो, तो आतल्या तारेच्या वेटोळ्याचा. तेच वेटोळं पडद्यामागची चुंबकशक्ती पुसून टाकतं. भारनियमनाच्या दिवसांत हे काम आपोआप व्हायचं. वीज गेली, तासाभराने आली, की डाग फिका! लोडशेडिंगचा एवढा एकच फायदा मला आठवतो. पण असल्या टीव्हीचं मागचं झाकण स्वतः कधीही उघडू नका. रंगीत ट्यूबला वीस हजारांहून जास्त व्होल्ट लागतात, आणि बटण बंद केल्यावरही ते आत दबा धरून बसतात.

मेकॅनिकला बोलावण्याआधी दोन गोष्टी मात्र नक्की करा. केबलचं किंवा डिशचं चॅनेल लावून पाहा. तिथे रंग बरोबर असतील तर टीव्ही बहुधा ठीक आहे. मग प्लेअरमध्ये दुसरी एखादी डिस्क घालून पाहा. एकाच डिस्कचे रंग बिघडलेले असतील तर प्लेअरही ठीक आहे, आणि वायरीही.

त्या घरात हेच शेवटी उपयोगी पडलं. कुंकू उमटलं, सगळे खूश झाले, आणि डिस्क पुढे सरकून रात्रीच्या वरातीवर आली. नवरीचा चेहरा पुन्हा बिघडला. आता नारिंगी! अंगावर तिने मोहाडीकडच्या कोशाच्या कापडाची करवती काठाची साडी नेसली होती, तिचा मधासारखा रंग तर पार भगवा झालेला. मी दुसरी डिस्क लावली. तिचे रंग चोख. म्हणजे हा दोष मूळ शूटिंगमधला. हॅलोजनचा उजेड दिवसाच्या उजेडापेक्षा बराच पिवळा असतो. आपला डोळा त्याची सवय करून घेतो. कॅमेऱ्याला मात्र पांढरा कागद दाखवून, 'आता याला पांढरं म्हण' असं सांगावं लागतं. त्या गडबडीत ते राहून गेलं असावं. टीव्हीचा रंग थोडा उतरवला तर चेहरा बरा दिसेल, पण मग दिवसाचं चित्र फिकं पडेल, असं मी त्यांना सांगितलं.

ते म्हणाले, ''राहू द्या जी. त्या रात्री उजेडच तसा होता.''

मळणीनंतर धान त्यांनी विकलं, पण ते खताच्या उधारीसाठी. टीव्ही तोच राहिला.