जुन्या पद्मिनीचे तापणारे इंजिन
कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन पाण्याने थंड राखले जाते. अहिल्यानगर जिल्ह्यात अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना इंजिन तापले, तर पहिला संशय बोअरच्या जड पाण्याचा घ्यावा. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचून पांढरट थर धरतात. उभ्या गाडीचे इंजिन तापत असेल, तर पंखा आणि त्याचा पट्टा पाहावा. इमामपूर घाट चढतानाच तापत असेल, तर रेडिएटर तुंबलेला असण्याची शक्यता अधिक. इंजिन तापूनही खालचा होजपाइप गार राहिला, तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आणि ऑइल दुधाळ दिसले, तर बहुधा हेड गॅस्केट गेलेले असते. तिथे नुसते पाणी भरत राहणे म्हणजे इंजिनाचा घातच. दुरुस्तीनंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरावे, तेही इंजिन पूर्ण निवल्यावर.