पट्ट्यावरची शिवडी

परळच्या बेटाची कठीण भूमी संपून जेथे खाडीचा चिखल सुरू होतो, त्या मुंबईच्या पूर्व काठावर वसलेल्या शिवडीतील एखाद्या वयोवृद्ध रहिवाशापाशी जुन्या दिवसांची चौकशी केली, तर तो इमारतींविषयी क्वचितच बोलतो. तो बोलतो भोंग्यांविषयी आणि वासांविषयी. कोणत्या गिरणीचा भोंगा कोणत्या पाळीला आधी होई, स्वान मिलचा आवाज शेजारच्या गिरणीपेक्षा कसा निराळा वाटे, आणि खाडीकडून वारा सुटला की रुळांपलीकडून साबणाचा दरवळ व त्याच्या मागोमाग वनस्पती तुपाचा जड वास घरात कसा शिरे, हे तो इतक्या बारकाव्याने सांगतो, की ऐकणाऱ्याने क्षणभर नाक वर करून हुंगून पाहावे. हे वास काल्पनिक नव्हेत. लीव्हर कंपनीच्या शिवडीतील कारखान्यात १९३२ साली वनस्पती तुपाचे आणि १९३४ साली साबणाचे उत्पादन सुरू झाले, आणि मराठी स्वयंपाकघरात पुढे घरोघर शिरलेल्या डालडाचा इतिहास ‘हे बंदर’ नावाच्या रस्त्यावरच्या या आवारातून जातो.

माणसे इमारती विसरून वास का लक्षात ठेवतात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझा निष्कर्ष असा, की ज्या भूमीवर आपला हक्क नसतो तिच्यावरचे बांधकाम मनात मूळ धरीत नाही. शिवडीचा पूर्वेकडील बहुतांश भाग बंदर खात्याच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘बीपीटी’च्या, मालकीचा. विसाव्या शतकाच्या आरंभी माझगाव ते शिवडी हा पट्टा भराव घालून समुद्रातून उचलण्यात आला. जेथे होड्या लागत होत्या तेथे वखारी उभ्या राहिल्या, आणि पूर्वी कुलाब्यास असलेला कापसाचा बाजार १९२०च्या दशकात आपले नाव पाठीवर घेऊन इकडे आला. ‘कॉटन ग्रीन’ हे हार्बर मार्गावरील स्थानकाचे नाव त्या स्थलांतराची निशाणी आहे. तेव्हापासून येथे जो तो पट्टेदार आहे: कोणी नव्याण्णव वर्षांचा, कोणी महिन्यामहिन्याचा, आणि कोणी केवळ वहिवाटीचा.

किल्ल्याचेच पाहा. १६८० साली इंग्रजांनी टेकडीवर बांधलेली ही गढी, जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने १६८९ साली मुंबईवर स्वारी केली तेव्हा पहिल्याच तडाख्यास हातची गेली. ज्या कामासाठी ती बांधली ते तिला साधले नाही, असे म्हणणे थोडे निष्ठुर होईल, पण खोटे होणार नाही. पुढे तिच्यात कैदी ठेवले गेले, आणि त्यानंतर बंदर खात्याने तिचे गोदाम केले. एवढ्या स्थित्यंतरांनंतर ती आज पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे, आणि तटावर उभे राहिले असता एका दृष्टिक्षेपात खाडी, तिवरांचे रान, तुर्भ्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या आणि दूरवर घारापुरीची टेकडी दिसते.

शिवडीतला सर्वांत चमत्कारिक खांदेपालट मात्र किल्ल्याचा नव्हे, बागेचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृषी व उद्यानविद्येच्या संस्थेने येथे फुलझाडांची व फळझाडांची लागवड केली होती. १८६५ साली म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली. व्हिक्टोरिया टर्मिनसची भव्य वास्तू रचणारे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स १९०० साली येथे विसावले. लोकमान्यांचे सहकारी आणि मुंबईचे एकेकाळचे महापौर जोसेफ उर्फ काका बॅप्टिस्टा यांची समाधीही येथेच आहे. ज्याने साम्राज्याचे सर्वांत दिमाखदार स्थानक बांधले आणि ज्याने त्या साम्राज्याकडे स्वराज्य मागितले, ते दोघे एकाच बागेचे रहिवासी झाले. शिवडीत खरोखर कायमचा कब्जा कोणाला मिळाला असेल, तर तो या मंडळींना.

गिरण्यांची कथा महाराष्ट्रास ठाऊक असल्याने ती येथे विस्ताराने सांगत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर मिटल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. रहिवाशांच्या स्मृतीत त्या वर्षाची खूण एकच: सकाळी जाग येई, पण भोंगा होत नसे. बायकांनी पोळीभाजीचे डबे सुरू केले, पुरुषांपैकी कित्येक कोकणातल्या गावी परतले, आणि जे राहिले ते पहारेकरी, हमाल, रिक्षावाले झाले.

माणसे अशी पांगत असता एक नवा भाडेकरू मात्र आपण होऊन आला. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून हिवाळा लागला की शिवडीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले. पोटाला शेवाळ व सूक्ष्म जीव लागणाऱ्या या पक्ष्यांना शहराच्या सांडपाण्याने पोसलेला चिखल मानवला असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे नागरी घाणीतून एक गुलाबी वैभव निर्माण झाले. ओहोटीच्या वेळी जुन्या बोटींच्या गंजलेल्या सांगाड्यांसमोर सहस्रावधी पक्षी माना खाली घालून चरत आहेत, आणि जेथे कालपर्यंत कोळ्यांची पोरे निवट्या पकडीत होती तेथे दुर्बिणी लावलेले सुशिक्षित पाहुणे उभे आहेत, हे दृश्य पाहून जुन्या शिवडीकरांना कौतुकापेक्षा करमणूकच अधिक वाटे. २०१५ साली ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले ते ऐरोली ते वाशी या टापूत. शिवडीचा चिखल त्याच्या हद्दीबाहेर राहिला. पक्ष्यांनाही येथे पट्टा मिळाला नाही.

पुढे त्याच चिखलातून न्हावाशेवाकडे जाणाऱ्या पुलाचे खांब वर आले. एकवीस किलोमीटर आठशे मीटर लांबीच्या या अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. काम चालू असता पक्षी या किनाऱ्यावर पूर्वीइतके दिसेनात, असे रहिवासी सांगतात. पुलावरून जाणाऱ्यास शिवडी दिसते ती काही सेकंद, आणि तीही वरून.

आता चाळींविषयी. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत, १९२०च्या दशकात, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून २०७ बीडीडी चाळी बांधल्या. त्यांपैकी बारा शिवडीच्या. एका चाळीत ऐंशी खोल्या, प्रत्येकी १६० चौरस फुटांच्या. एकेका खोलीत रात्रपाळीहून आलेला निजे आणि दिवसपाळीचा त्याच वळकटीतून उठे. गॅलरीत पाणी भरणे, भांडणे, बारसे, भजन हे सारे एकाच दहा पावलांच्या जागेत आटोपे. अन्य तीन ठिकाणच्या चाळींच्या जागी उंच इमारतींचे काम सुरू झाले. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या चाळी मात्र बंदर खात्याच्या, म्हणजे केंद्राच्या, जमिनीवर उभ्या असल्याने त्यांचे प्रकरण दप्तरातच फिरत राहिले.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त गिरणी कामगार, दुसऱ्याच्या लग्नातले रुखवत पाहून यावे तसे, वरळीची ती घरे पाहून आले. परतल्यावर त्यांनी नातवाकडून टेप आणवून स्वतःची खोली मोजली. ती १६० भरली. परंतु मोरीचा कट्टा आणि वरचा पोटमाळा हिशेबात धरायचा की नाही, यावर त्यांच्या घरात अद्याप एकमत झालेले नाही.