चार सायकली आणि एक टेकडी

“चोपन्न मैल म्हणजे किती हो?” मी विचारले.

“सत्त्याऐंशी किलोमीटर,” हे वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले. “पुण्याहून लोणावळा गाठायचे आणि उलट फिरून साधारण वडगावपर्यंत यायचे. झाले!”

“झाले” म्हणणे सोपे. पण दोन वर्षांपूर्वी याच गृहस्थांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला होता. तेव्हा मी हातातली कढई खाली ठेवली आणि स्पष्ट सांगितले, “मुळीच जायचे नाही!”

लंडन ते ब्रायटन ही सायकलफेरी 1976 साली सुरू झाली. 1961 साली स्थापन झालेल्या ‘ब्रिटिश हार्ट फाउंडेशन’साठी ती 1980 पासून भरते. लंडनच्या क्लॅपहॅम कॉमनवरून निघायचे आणि ब्रायटनच्या समुद्रकिनारी पोहोचायचे. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. भाग घेणाऱ्याने ओळखीच्यांकडून देणग्या गोळा करायच्या आणि तो पैसा हृदयरोगाच्या संशोधनाला द्यायचा. थोडक्यात, आपली गणपतीची वर्गणीच. फक्त मांडवाऐवजी पायडल!

आमच्या घराला हा विषय परका नाही. मामंजी पुण्यात जन्मभर सायकलवर हिंडले. पुढच्या दांडीवर मुलगा, हँडलला भाजीची पिशवी. पण खिशात विड्यांचे बंडलही असे. चोपन्नाव्या वर्षी ते एका सकाळी बसल्या जागी गेले. आपल्या उपखंडातून आलेल्या लोकांना इंग्लंडात हृदयविकाराचा धोका गोऱ्यांपेक्षा अधिक असतो, हे डॉक्टर सांगतात. आम्हाला ते घरातच दिसले होते.

“बाबांच्या वर्षाला एक मैल,” हे हळूच म्हणाले. माझा विरोध तिथेच लुळा पडला. मी दोनच अटी घातल्या : डॉक्टरांची परवानगी हवी, आणि मीही येणार. लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल आणून गुडघे फोडून घेतले होते, ते वाया थोडेच जाणार!

डॉक्टरांनी तपासून होकार दिला, वर बजावले, “छातीत जरा दुखले तरी उतरायचे. मोठेपणा करायचा नाही.” मग चार महिने दर रविवारी सराव. सतरा वर्षांची लेक पंक्चर काढायला शिकली, पंधरा वर्षांचा चिरंजीव देणग्यांचा हिशेब लिहू लागला. शेजारच्या आजीबाईंनी पाच पौंड देताना दिवंगत यजमानांचे नाव वहीत लिहायला लावले. त्यानंतर चिरंजिवाने वहीवर चहाचा पेला ठेवणे बंद केले.

2023 च्या जूनमधल्या त्या रविवारी पहाटेच निघालो. शहर संपले, हिरवी शेते आली. खेड्यापाड्यांतून मुले हात हलवीत होती. ब्रायटन जवळ आले असे वाटावे, तोच समोर डिचलिंग बीकन उभी ठाकली! उंची 248 मीटर. आपल्या सिंहगडापुढे ती पोरगीच. पण पाय थकलेले असताना दीड किलोमीटरचा तो वळणावळणाचा चढ म्हणजे परीक्षाच.

निम्म्या चढावर यांचा श्वास लागला. चेहरा लाल झाला. मी काही म्हणणार, तोच चिरंजीव स्वतःची सायकल थांबवून म्हणाला, “बाबा, डॉक्टर काय म्हणाले होते? उतरा.”

यांनी क्षणभर वर पाहिले. जोमाने चढणारी तरुण पोरे पुढे जात होती. मला वाटले, आता हट्ट करणार. पण हे उतरले. रस्त्याच्या कडेला बसून पाणी प्यायले. दुखत नव्हते, नुसती धाप लागली होती. ती बसल्यावर सायकल हाताने ढकलीत चालू लागले. मग आम्हीही उतरलो. तसे चालणारे तेथे कितीतरी होते.

माथ्यावरून समुद्र दिसला. हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाबांना कुणी ‘उतरा’ म्हणाले नाही ग.”

उतारावर वारा कानात भरला होता. म्हणून माझे डोळे पाणावले, असे मी मुलांना सांगितले. ब्रायटनला चौघांनी एकदमच शेवटची रेघ ओलांडली.

घरी आल्यावर चिरंजिवाने हिशेबाच्या वहीत आजीबाईंच्या यजमानांखाली आणखी एक नाव लिहिले : आजोबांचे. रक्कम त्याच्या खाऊच्या पैशांतली होती. चोपन्न पौंड.