हसू चारचौघांतलं

१३ मार्च १९९५ रोजी सकाळी मुंबईत, अंधेरीच्या लोखंडवाला परिसरातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी फिरायला आलेल्या लोकांपुढे एक कल्पना मांडली: रोज एकत्र येऊन हसायचं. जमले अवघे पाच जण. एकाने मध्ये उभं राहून विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं, असा तो क्रम होता. माणसं वाढू लागली, पण दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले. उरलेले कुणाकुणाच्या मनाला लागू लागले आणि क्लब बंद पडायची वेळ आली. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच वगळला. आधी मुद्दाम हसायचं. समोरच्याच्या डोळ्यांत पाहिलं की तेच हसू आपोआप खरं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. योगशिक्षिका असलेल्या पत्नी माधुरी यांच्या साथीने त्यांनी त्याला दीर्घ श्वसनाची जोड दिली. अशा रीतीने हास्ययोग घडला. टाळ्यांच्या तालावर ‘हो हो, हा हा हा’, नमस्ते हास्य, सिंह हास्य, लस्सी हास्य हे प्रकार आता जगभरातल्या बागांमध्ये चालतात. मे महिन्याचा पहिला रविवार जागतिक हास्य दिन म्हणून साजरा होतो.

खळखळून हसताना श्वासपटल, बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात. फुप्फुसांतली हवा झटक्याझटक्याने बाहेर पडते आणि पाठोपाठ खोल श्वास घेतला जातो. नाडी थोडा वेळ वाढते, मग स्नायू सैलावतात. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या डॉ. मायकेल मिलर यांनी २००५ मध्ये २० निरोगी व्यक्तींना ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधला युद्धाचा प्रसंग आणि ‘किंगपिन’ या विनोदी चित्रपटातला भाग दाखवला. दंडातल्या धमनीचा रक्तप्रवाह मोजला, तेव्हा युद्धाच्या दृश्यांनंतर १४ जणांमध्ये तो घटला होता, तर हसल्यानंतर १९ जणांमध्ये वाढला होता. प्रयोग छोटा होता, पण मनाचा ताण रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो आणि हसण्याने त्या मोकळ्या होतात, हे त्याने दाखवलं.

वेदनेचंही तसंच आहे. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या प्रयोगांत, इतरांबरोबर खूप हसलेल्या लोकांची वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली आढळली. पुढे २०१७ मध्ये फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूचं स्कॅनिंग करून पाहिलं. मित्रांसोबत हसल्यावर मेंदूत अफूसारखं काम करणारी नैसर्गिक वेदनाशामक द्रव्यं स्रवत होती. या दोन्ही ठिकाणी माणसं सोबतीने हसत होती, याकडे मी वाचकांचं मुद्दाम लक्ष वेधते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या नोंदींनुसार एकटा असताना माणूस जेवढा हसतो, त्याच्या सुमारे ३० पट तो लोकांमध्ये असताना हसतो; आणि गप्पांमधलं बहुतेक हसू विनोदावर नसतं, साध्यासुध्या वाक्यांवर येतं.

म्हणून हास्यक्लबातल्या हसण्याला ‘खोटं’ म्हणून नाक मुरडणं मला पटत नाही. निवृत्तीनंतर, जोडीदार गेल्यावर, मुलं परगावी असताना ज्याच्या घरात दिवसभर कुणाचा आवाज नसतो, त्याला सकाळी हजेरी लावायला एक जागा मिळते. दोन दिवस आला नाही तर चौकशी करणारं माणूस मिळतं. हातपाय हलतात, श्वास खोल होतो. यातला कोणता लाभ हसण्याचा आणि कोणता सोबतीचा, हे वेगळं काढता येणार नाही. काढायची गरजही नाही.

मात्र हसणं औषधाची जागा घेत नाही. रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी चालूच ठेवायला हवी. ‘सॅटरडे रिव्ह्यू’चे संपादक नॉर्मन कझिन्स यांनी १९६४ मध्ये सांधे-मणक्याच्या गंभीर दुखण्यात विनोदी चित्रफिती पाहिल्या. दहा मिनिटं पोट धरून हसल्यावर आपल्याला दोन तास वेदनेविना झोप लागते, असं त्यांनी लिहिलं. पण ते सोबत क जीवनसत्त्वाचे मोठे डोसही घेत होते. त्यामुळे त्यांच्या बरं होण्याचं सगळं श्रेय हसण्याला देता येत नाही. हर्निया असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, छातीत दुखत असेल, काचबिंदू असेल किंवा हसताना लघवीवर ताबा राहत नसेल, तर जोरजोराने हसण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावेत.

दिवाळीत एकट्या राहणाऱ्या काका-काकूंकडे फराळाचा डबा पोचवाल, तेव्हा दारातूनच परत फिरू नका. आत जा, बसा, जुन्या गमती काढा, त्यांना बोलू द्या. हसू आपोआप येईल आणि त्याचा गुण दोघांनाही येईल.